दीर्घिका म्हणजे मोठी सूर्यमाला नव्हे : या चुका टाळा

पानाच्या मधोमध पिवळा सूर्य. त्याभोवती आठ ग्रहांच्या कक्षा. शेवटच्या कक्षेला लागूनच सुरू होणाऱ्या, भोवऱ्यासारख्या वळलेल्या निळ्या-जांभळ्या भुजा. आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं : आकाशगंगा.

आकाशदर्शनाला येणाऱ्या मुलांना मी अंधार पडण्याआधी एक कोरा कागद देते आणि म्हणते, ‘आपण विश्वात कुठे राहतो ते काढा.’ हे चित्र दर वेळी कुणाच्या ना कुणाच्या कागदावर उमटतंच. मुलांबरोबर आलेले आईवडील ते बघतात आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही. ‘सूर्यमाला लहान, दीर्घिका मोठी’ एवढं सगळ्यांना पाठ असतं, आणि ते खरंही आहे. पण तेवढ्यावर थांबलं की दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा पसारा, ही नुसती फुगवलेली सूर्यमाला आहे असं मनात बसतं. या दोन गोष्टींत फरक आकारापेक्षा जातीचा आहे. घर आणि गाव यांत असतो तसा. गाव म्हणजे खूप मोठं घर नव्हे. त्याची रचना, त्याचे नियम, त्याला धरून ठेवणारी गोष्ट, सगळंच निराळं असतं.

शिकवताना, लिहिताना, परीक्षेची तयारी करताना किंवा आलेला फोटो पुढे पाठवताना ज्या चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात, त्या इथे घेते. प्रत्येकीवर उपायही देते.

शब्दांतच घोळ होतो

‘आकाशगंगा’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो, आणि गडबड तिथूनच सुरू होते. एप्रिल-मे महिन्यात गावाकडे अंगणात किंवा गच्चीवर झोपलं की पहाटे जो दुधट पट्टा दिसतो, ती आकाशगंगा. हे विशेषनाम आहे. आपण जिच्यात राहतो त्या एका दीर्घिकेचं नाव. काही पुस्तकांत तिलाच मंदाकिनी म्हटलेलं असतं. तिच्यासारख्या बाकीच्या सगळ्यांसाठी मराठीत ‘दीर्घिका’ हा फार देखणा शब्द आहे. संस्कृतात त्याचा अर्थ लांबट तळं. हिंदीत आकाशगंगा हे सामान्यनाम म्हणूनही चालतं, आणि हिंदीतून आलेल्या मजकुरामुळे आपल्याकडेही ‘देवयानी आकाशगंगा’, ‘लाखो आकाशगंगा’ असं लिहिलं जातं. देवयानी या आपल्या शेजारच्या दीर्घिकेला देवयानी आकाशगंगा म्हणणं म्हणजे कृष्णेला कृष्णा गोदावरी म्हणणं.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या संशोधकांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून फार लांबची एक सर्पिल, म्हणजे भोवऱ्यासारख्या वळलेल्या भुजांची, दीर्घिका शोधली. विश्वाचं वय जेमतेम १५० कोटी वर्षं असतानाची ती आपल्याला दिसते. २०२५ मध्ये ही बातमी आली तेव्हा तिचं नाव कळलं : अलकनंदा. हिमालयातली मंदाकिनी रुद्रप्रयागला जिला मिळते, ती नदी. आपल्या मंदाकिनीची बहीण म्हणून हे नाव. नावं अशी जपून वापरली की त्यांतून नातंही कळतं.

‘सूर्यमाला’ हेसुद्धा विशेषनामच आहे. आपल्या सूर्याचा परिवार, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह फिरत असतील तर ती ग्रहमाला. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी ५१ पेगासी या सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा ग्रह शोधला (२०१९ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं), आणि आता अशा ग्रहांची संख्या ६,००० च्या वर गेली आहे. त्यांतल्या एका ताऱ्याला भारताने नाव दिलं आहे : बिभा, भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून. पक्के सिद्ध झालेले हे सगळे ग्रह आपल्याच आकाशगंगेतले आहेत. ‘दुसऱ्या आकाशगंगेत पृथ्वीसारखा ग्रह सापडला’ असा मथळा दिसला तर जवळजवळ नक्की समजा की लिहिणाऱ्याने ग्रहमाला आणि दीर्घिका यांची अदलाबदल केली आहे.

उपाय साधा आहे. मुलांना पोस्टकार्डावर पूर्ण पत्ता लिहायला सांगा. घर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा, महाराष्ट्र, भारत, पृथ्वी, सूर्यमाला, आकाशगंगा, विश्व. पत्ता हाताने लिहिलेलं मूल क्रम सहसा विसरत नाही.

शून्यं गळतात

ही चूक छापील मजकुरातही भरपूर सापडते. दशलक्ष म्हणजे मिलियन, १० लाख. बिलियन म्हणजे १०० कोटी, म्हणजेच एक अब्ज. ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. आकाशगंगेत १०० ते ४०० बिलियन तारे असावेत, याचं मराठी १०,००० कोटी ते ४०,००० कोटी असं होतं. ‘१०० ते ४०० कोटी’ नव्हे. आणि प्रकाशवर्ष हे अंतर आहे, काळ नाही. एका वर्षात प्रकाश जेवढा जातो तेवढं : सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. ‘कित्येक प्रकाशवर्षांपूर्वी’ असं वाक्य कुठे दिसलं की खोडा.

सूर्यमालेच्या आत प्रकाशवर्ष वापरायची गरजच पडत नाही. तिथे चालतं खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर, १५ कोटी किलोमीटर. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात, नेपच्यूनपर्यंत जायला चार तासांच्या थोडं वर. आकाशगंगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला त्याच प्रकाशाला सुमारे एक लाख वर्षं लागतात. चार तास आणि लाख वर्षं : हे दोन आकडे शेजारी लिहून ठेवा.

एकाच चित्रात दोन्ही काढू नका

कागदावर सूर्यमाला आणि दीर्घिका एकत्र दाखवता येत नाहीत. प्रयत्न केला की खोटंच चित्र निघतं. त्याऐवजी मी नकाशा वापरते.

दहा रुपयांचं नाणं घ्या. त्याचा व्यास २७ मिलिमीटर. समजा, नाण्याची कड म्हणजे नेपच्यूनची कक्षा. आठही ग्रह नाण्याच्या आत आले. या मापाने पृथ्वीची कक्षा एक मिलिमीटरपेक्षाही लहान वर्तुळ होते, आणि खुद्द सूर्य डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शाएवढा, म्हणजे दिसणारच नाही असा. आता सूर्याला सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, कुठे ठेवायचा? १२० मीटरवर. बारा डब्यांच्या लोकलच्या साधारण निम्म्या लांबीवर. मधल्या जागेत जवळजवळ काही नाही.

हाच हिशेब पुढे न्या. आकाशगंगेची तबकडी सुमारे २,८४० किलोमीटर रुंद होते. तिचं केंद्र नागपूरच्या झिरो माइलच्या खांबावर ठेवा. तबकडीची एक कड श्रीनगरला पोचते, दुसरी कन्याकुमारीला. आपण केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहोत, म्हणजे नागपूरपासून साधारण ७४० किलोमीटर. नाणं मुंबईत कुठेतरी पडलेलं आहे. केंद्राशी असलेलं महाकाय कृष्णविवर, धनु ए तारका, झिरो माइलच्या खांबावर एका केसाच्या जाडीएवढं. आणि नुसत्या डोळ्यांनी रात्री दिसणारे बहुतेक तारे? मुंबईपासून ठाणे-कल्याणपर्यंतच्या टापूत. काळ्याकुट्ट रात्री सगळं आकाश ताऱ्यांनी भरल्यासारखं वाटतं, तेव्हा आपण श्रीनगर ते कन्याकुमारीतला एवढाच तुकडा बघत असतो.

या नकाशावर देवयानी दीर्घिका दाखवायला भारत पुरत नाही. ती ७१,००० किलोमीटरवर जाते. पृथ्वीला पावणेदोन वेढे होतील इतकी दूर. पण यात एक गंमतशीर गोष्ट लपलेली आहे, जी बहुतेक पुस्तकं सांगत नाहीत. देवयानीचं अंतर आकाशगंगेच्या व्यासाच्या फक्त २५ पट आहे. उलट सूर्य आणि प्रॉक्झिमा यांच्यातलं अंतर सूर्याच्या व्यासाच्या जवळजवळ तीन कोटी पट आहे. आकाराच्या मानाने बघितलं तर दीर्घिका एकमेकींच्या शेजारणी आहेत आणि तारे एकमेकांपासून विलक्षण दूर. म्हणून दीर्घिकांच्या टकरी होतात आणि त्या टकरींत तारे मात्र एकमेकांना जवळपास कधीच धडकत नाहीत. एका दीर्घिकेचे तारे दुसरीच्या ताऱ्यांमधून आरपार निघून जातात. देवयानी आपल्याकडे सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने येते आहे. चार-पाचशे कोटी वर्षांत टक्कर ठरलेलीच, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या गणितानुसार पुढच्या १,००० कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मीच आहे. जुनं वाक्य तुमच्या टिपणांत असेल तर बदलून घ्या.

सर्वांत खोल चूक : ‘मध्ये जो असतो, त्याच्याभोवती बाकीचे फिरतात’

इथे जरा थांबू, कारण मुळातला फरक इथेच आहे.

सूर्यमालेचं सगळं वस्तुमान शंभर रुपये धरलं तर ९९ रुपये ८६ पैसे एकट्या सूर्याचे. उरलेल्या १४ पैशांतले साडेनऊ पैसे गुरूचे. बाकी साडेचार पैशांत शनी, युरेनस, नेपच्यून, मंगळ, शुक्र, बुध, सगळे चंद्र, लघुग्रह, धूमकेतू आणि आपली पृथ्वी. असं एकहाती राज्य असल्यावर नियमही सरळ येतो : सूर्याजवळचा ग्रह वेगात, लांबचा संथ. बुध सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने धावतो, पृथ्वी ३० च्या आसपास, नेपच्यून साडेपाचही नाही.

मुलांना हे आवडतं आणि ती लगेच पुढचं पाऊल टाकतात : मग आकाशगंगेच्या मध्ये एक मोठं कृष्णविवर आहे, आणि सूर्य त्याच्याभोवती फिरतो, जशी पृथ्वी सूर्याभोवती. ऐकायला पटतं. मोठी माणसंही असंच सांगतात. पण गणित करून बघा. धनु ए तारकेचं वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांएवढं आहे. खूप वाटतं, पण आकाशगंगेचं एकूण वस्तुमान एक लाख कोटी सूर्यांच्या घरात आहे. म्हणजे केंद्रातलं कृष्णविवर एकूण पसाऱ्याच्या काही लाखांतला एक भाग. शंभर रुपयांच्या हिशेबात त्याच्या वाट्याला पैशाचाही अगदी किरकोळ अंश येतो. आपल्याला फक्त तेच कृष्णविवर ओढत असतं, तर सूर्य आपल्या कक्षेत सेकंदाला जेमतेम दीड किलोमीटर वेगाने फिरला असता. प्रत्यक्षात तो २२० ते २३० किलोमीटर वेगाने फिरतो.

मग सूर्याला कोण ओढतं? सगळे मिळून. आपल्या कक्षेच्या आतल्या बाजूचे तारे, वायू, धूळ, आणि त्यांच्यात मिसळून पसरलेलं, न दिसणारं कृष्णद्रव्य, म्हणजे डार्क मॅटर. दीर्घिकेत कुणी एक मालक नसतो. सूर्यमाला म्हणजे एकछत्री अंमल. दीर्घिकेत प्रत्येक जण बाकी सगळ्यांच्या ओढीत बांधलेला असतो.

हे नीट कळलं की नाही हे तपासायला एक प्रश्न पुरतो. आत्ता सूर्य नाहीसा झाला तर पृथ्वीचं काय होईल? ८ मिनिटं २० सेकंदांनी ती कक्षेच्या स्पर्शरेषेत सरळ निघून जाईल. आणि केंद्रातलं कृष्णविवर नाहीसं झालं तर सूर्याच्या कक्षेचं काय होईल? जवळजवळ काहीच नाही. त्या कृष्णविवराच्या अगदी जवळचे तारे विखुरतील. त्यांच्याच कक्षा वर्षानुवर्षं मोजून राइनहार्ड गेंझेल आणि आंद्रेआ गेझ यांनी २०२० चं नोबेल मिळवलं. आपल्यापर्यंत, नागपूरपासून मुंबईपर्यंत, त्याचा धक्का जाणवणारही नाही. दुसऱ्या प्रश्नाला ज्या विद्यार्थ्याने ‘आकाशगंगा विस्कटेल’ असं उत्तर दिलं, त्याच्या मनात अजून फुगवलेली सूर्यमालाच आहे. त्याला रागावू नका. शंभर रुपयांचा हिशेब परत करून दाखवा.

विसाव्या शतकात खगोलशास्त्रज्ञांनाही हाच धक्का बसला. दीर्घिकेचा उजेड मध्यभागी एकवटलेला दिसतो, तेव्हा वस्तुमानही तिथेच असणार आणि बाहेरचे तारे नेपच्यूनसारखे संथ चालणार, अशी अपेक्षा होती. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानीतल्या वायूंचे वेग मोजून १९७० मध्ये प्रसिद्ध केले. बाहेर जावं तसा वेग घटायला हवा होता. तो घटत नव्हता. जिथे तारे जवळपास संपतात तिथेही वेग तसाच. न दिसणारं वस्तुमान बाहेरवर पसरलेलं असल्याशिवाय हे शक्य नाही. नारायणगावजवळच्या खोडदला आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. त्या पकडू शकतात त्या रेडिओ लहरींत हायड्रोजन वायूची २१ सेंटिमीटरची लहरही आहे, आणि ताऱ्यांच्या पलीकडे पसरलेल्या त्याच वायूवरून दीर्घिकांचं फिरणं मोजतात. खोडदला विज्ञानदिनाच्या सुमारास लोकांसाठी प्रदर्शन भरतं. मुलांना घेऊन जा, आणि वाटेत त्यांना नेपच्यूनचा वेग विचारा.

कृष्णद्रव्य आहे हे खगोलशास्त्रज्ञांना पटलं ते मुख्यतः दीर्घिका सूर्यमालेसारखी वागत नाही हे मोजल्यामुळे. हा फरक परीक्षेतल्या दोन गुणांपुरता नाही, असं मी म्हणते ते म्हणूनच.

थोरांचीही हीच चूक

हा घोळ घालणारी माणसं साधीसुधी नव्हती. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी आपल्या ७२ इंची दुर्बिणीतून एम ५१ हा ‘तेजोमेघ’ (आकाशातल्या धूसर डागांना तेव्हा असंच म्हणत) भोवऱ्यासारखा वळलेला पाहिला. १८८८ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी देवयानीचं छायाचित्र काढलं, त्यात चपटी तबकडी आणि वळणदार पट्टे दिसले. फिरणाऱ्या वायूच्या तबकडीतून सूर्य आणि ग्रह घडले ही फ्रेंच गणिती लाप्लासची कल्पना तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात होती. त्यामुळे अनेकांना वाटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक नवी सूर्यमाला तयार होते आहे. दीर्घिकेचा फोटो, आणि खाली समजूत सूर्यमालेची! आजच्या मुलाच्या कागदावरचं तेच चित्र.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या आपल्या वेधशाळेत पर्सिव्हल लॉवेल यांनी व्हेस्टो स्लायफर यांना याच समजुतीने कामाला लावलं : सर्पिल तेजोमेघांचे वर्णपट घ्या, ते आपल्या सूर्यमालेच्या जडणघडणीशी जुळतात का बघा. स्लायफर यांनी १९१२ मध्ये देवयानीचा वेग मोजला आणि तो निघाला सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर, आपल्या दिशेने. तोवर कुठल्याही खस्थ वस्तूचा इतका वेग कुणी नोंदवला नव्हता. (त्यातला मोठा भाग सूर्याच्या स्वतःच्या आकाशगंगेतल्या फिरण्याचा असतो; तो वजा केला की मघाचे ११० उरतात.) शेजारी घडत असलेल्या चिमुकल्या सूर्यमालेला हा आकडा शोभत नव्हता.

पुढे १९२० मध्ये वॉशिंग्टनला हार्लो शॅपली आणि हीबर कर्टिस यांचा प्रसिद्ध वाद झाला : सर्पिल तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या आत की बाहेर? निकाल लागला तो अंतर मोजल्यावर. हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये दाखवून दिलं होतं की सेफिड जातीच्या ताऱ्याचा उजेड कमी-जास्त होण्याचा काळ कळला की त्याचं खरं तेज कळतं, आणि मग अंतरही. एडविन हबल यांना ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून घेतलेल्या छायाचित्राच्या काचेवर देवयानीतला असा एक तारा सापडला. त्यांनी काढलेलं अंतर सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं होतं. आज आपण २५ लाख मानतो. पण ९ लाखही आकाशगंगेच्या पार बाहेर होते. १ जानेवारी १९२५ ला हा निबंध वाचला गेला आणि दीर्घिका ही वेगळीच गोष्ट आहे हे ठरलं.

शिकवताना ही गोष्ट जरूर सांगा. चित्र बघून ठरत नाही, अंतर मोजल्यावर ठरतं, हे तिच्यातून मुलांच्या लक्षात येतं.

फोटो आणि व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी

आकाशगंगेचा बाहेरून काढलेला फोटो जगात एकही नाही. असूच शकत नाही. तेवढ्या लांब काही गेलेलंच नाही. ‘तुम्ही इथे आहात’ असा बाण असलेलं सुंदर सर्पिल चित्र हे मोजमापांवरून चित्रकाराने काढलेलं असतं, नाहीतर चक्क दुसऱ्याच दीर्घिकेचा फोटो असतो. वर्गात ते लावायला हरकत नाही, खाली ‘कल्पनाचित्र’ एवढं लिहा.

उलटी फसगतही होते. चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी २०१४ मध्ये एचएल टौरी या कोवळ्या ताऱ्याची प्रतिमा घेतली : नारिंगी तबकडी, मध्ये उजळ ठिपका, भोवती गडद कडी. ती दीर्घिका म्हणून फिरते. प्रत्यक्षात ती घडत असलेली ग्रहमाला आहे, वृषभेच्या दिशेला सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर. अशा काही तबकड्यांत सर्पिल भुजासुद्धा दिसतात. म्हणून आकारावर जाऊ नका. फोटोखाली माप काय दिलंय ते बघा : रुंदी खगोलीय एककांत असेल तर ग्रहमाला, हजारो प्रकाशवर्षांत असेल तर दीर्घिका.

सूर्य धूमकेतूसारखा पुढे धावतोय आणि ग्रह स्क्रूसारखे त्याच्या मागे फरफटत चाललेत, असा एक व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरतो. सूर्य केंद्राभोवती फिरतो हे खरं, ग्रह मागे राहतात हे खोटं. सूर्यमालेची पातळी आकाशगंगेच्या पातळीशी सुमारे ६० अंशांचा कोन करते आणि ग्रह आळीपाळीने सूर्याच्या पुढे आणि मागे येतात. हे आकाशात पडताळता येतं. चंद्र, गुरू, शनी, मंगळ नेहमी राशींच्या पट्ट्यातूनच जातात. दुधट पट्टा त्या वाटेला धनु-वृश्चिकाकडे आणि वृषभ-मिथुनाकडे तिरका छेदून जातो. एकच वस्तू असती तर दोन रस्ते कशाला दिसले असते?

‘व्हॉयेजर सूर्यमालेबाहेर गेलं’ हा मथळाही जपून वापरा. व्हॉयेजर १ हे यान १९७७ मध्ये निघालं आणि ऑगस्ट २०१२ मध्ये त्याने सौरवाऱ्याची हद्द ओलांडली. पण सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाचा अंमल त्याच्या पुष्कळ पुढे, ऊर्ट मेघापर्यंत, म्हणजे सूर्यमालेच्या टोकाशी असलेल्या धूमकेतूंच्या वेढ्यापर्यंत आहे. नाण्याच्या नकाशावर व्हॉयेजर मध्यापासून साडेसात सेंटिमीटरवर आहे आणि ऊर्ट मेघाची कड ४५ मीटरवर. आकाशगंगेबाहेर जाण्याचा तर प्रश्नच नाही.

आणखी एक, थोडक्यात : विश्व प्रसरण पावतं म्हणून सूर्यमाला किंवा आकाशगंगा पसरत नाही. गुरुत्वाकर्षणाने घट्ट बांधलेल्या वस्तूंना ते लागू होत नाही.

आता बाहेर पडा

आपल्याकडे आकाशगंगेचा केंद्राकडचा, सर्वांत दाट भाग रात्रभर वर असतो तो नेमका जून-जुलैत, ढगांच्या आड. म्हणून एप्रिल-मेची पहाट किंवा ऑक्टोबरची अंधार पडतानाची वेळ धरा. अमावास्येच्या आसपास, शहरापासून लांब. धनु राशीकडे बघताना आपण नागपूरच्या दिशेने बघत असतो, हे मुलांना सांगा.

एक दीर्घिका आणि ग्रहमालांचं एक जन्मस्थान, दोन्ही एकाच रात्री बघायचं असेल तर डिसेंबर उत्तम. रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करा. शर्मिष्ठा तारकासमूहाच्या इंग्रजी एमसारख्या आकारात दोन कोन आहेत. त्यांतला जास्त टोकदार कोन बाणासारखा देवयानीकडे दाखवतो. तिथे एक पुसट, लांबट डाग दिसेल. देवयानी तारकासमूहातले तारे आपल्या आकाशगंगेतलेच, शेकडो प्रकाशवर्षांवरचे. डाग त्यांच्यामागे २५ लाख प्रकाशवर्षांवर. नावामुळे ते एकत्र आहेत असं समजू नका.

मग वळा आणि पूर्वेला वर येणाऱ्या मृगाकडे बघा. मृगाच्या पट्ट्याखाली लटकणाऱ्या तीन ठिपक्यांतला मधला ठिपकाही धूसर आहे. तो मृगातला तेजोमेघ, सुमारे १,३४० प्रकाशवर्षांवर, आपल्याच आकाशगंगेत. हबल दुर्बिणीने १९९० च्या दशकात त्यात कोवळ्या ताऱ्यांभोवती धुळीच्या तबकड्या दाखवल्या. लॉवेल यांना हवी होती ती घडणारी सूर्यमाला खरोखर आकाशात होती. फक्त ते बघत होते त्या डागात नव्हे, या डागात.

साधी दहा बाय पन्नासची द्विनेत्री दोन्हीसाठी पुरते. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं द्या, मोबाइल खिशात ठेवा आणि हात हलू नये म्हणून कोपरं कठड्यावर टेकवा. आधी देवयानी, ती पश्चिमेकडे कलते आहे. मृग रात्रभर थांबेल.